एक लाख पत्रं आणि ७९ भाग

ट्रेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड आणि पायथ्याच्या गावातले गरम पोहे येतात. अमेरिकेत हाच शब्द उच्चारला की समोरच्याच्या डोळ्यांसमोर एक अवकाशयान येतं. तो समोरचा माणूस साठीच्या आसपासचा इंजिनियर असेल तर पुढचा अर्धा तास तुमचा गेलाच म्हणून समजा. माझे असे बरेच अर्धे तास गेले आहेत, आणि त्यांचं मला मुळीच वाईट वाटत नाही. 'स्टार ट्रेक'च्या गोष्टी रंजक आहेतच, पण ज्या लोकांनी ही मालिका जिवंत ठेवली त्यांची गोष्ट मला त्याहून रंजक वाटते. आज तीच सांगायची आहे.

आपल्यापैकी ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ही मालिका आठवत असेल. टोकदार कानांचा स्पॉक, कॅप्टन कर्क, आणि 'बीम' होऊन अदृश्य होणारी माणसं. आमच्या घरी तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यामुळे एका मोठ्या गमतीला आम्ही मुकलो. या मालिकेत अनोळखी ग्रहावर उतरणाऱ्या तुकडीत लाल शर्टवाला एखादा नवखा शिपाई असला की तो पहिल्या दहा मिनिटांत मरणार हे ठरलेलं. अमेरिकेत यावर इतके विनोद झाले आहेत की 'लाल शर्टवाला' हा वाक्प्रचारच होऊन बसलाय. आम्हाला सगळेच शर्ट करडे दिसायचे, त्यामुळे प्रत्येक मरण आमच्यासाठी धक्कादायक असे!

तर मूळ मुद्द्याकडे. स्टार ट्रेकचा पहिला भाग एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. निर्माता जीन रॉडनबेरी. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांचा वैमानिक होता, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसात होता आणि मग टीव्हीसाठी लिहायला लागला. त्याने केलेला पहिला नमुना भाग वाहिनीने नापास केला, पण दुसरा करायला सांगितलं, असं त्या धंद्यात क्वचितच होतं. मालिका बनवणारा डेसिलू स्टुडिओ ल्युसिल बॉल या विनोदी नटीच्या मालकीचा होता. पैशांची कायमची ओढाताण. ती 'बीम' होण्याची सुप्रसिद्ध युक्तीदेखील काटकसरीतून आली. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसंच किरणांनी खाली पाठवायची. बजेट नाही म्हणून सुचलेली गोष्ट पुढे मालिकेची ओळख बनते, हे आमच्या व्यवसायातही मी पुष्कळदा पाहिलंय.

यानाचा आराखडा मॅट जेफरीज यांचा. ते महायुद्धात बी-१७ विमानांवर फ्लाइट इंजिनियर होते आणि स्वतः विमान चालवत. एंटरप्राइझचा पृष्ठभाग त्यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवला. त्यांचं म्हणणं असं की अवकाशात काही बिघडलं तर दुरुस्तीला बाहेर कोण जाणार? यंत्रं आत असली पाहिजेत, म्हणजे हात पोचतो. मेंटेनन्सचा विचार करून काढलेलं काल्पनिक यान! इंजिनियर लोक या मालिकेच्या प्रेमात का पडले याचं एक उत्तर मला तरी इथे सापडतं.

दुसरं उत्तर यानातल्या माणसांत आहे. एका खुर्चीवर सुलू. ती भूमिका करणारे जॉर्ज ताकेई हे लहानपणी महायुद्धाच्या काळात, केवळ जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकन सरकारच्या छावण्यांत कुटुंबासह डांबले गेले होते. दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन येऊन बसला, तोही शीतयुद्ध ऐन भरात असताना. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री. आणि स्पॉक तर माणूसच नाही, निदान अर्धाच माणूस. वाहिनीला त्याच्या कानांची इतकी धास्ती होती (सैतान वाटेल म्हणे) की एका जाहिरात-पुस्तिकेत त्यांनी त्याचे कान चक्क रंगवून गोल करून टाकले. पुढे हाच स्पॉक सर्वात लोकप्रिय ठरला. भारतीय मात्र त्या खोलीत कोणी नव्हता. आपल्या वाट्याला आला तो खलनायक, खान नूनियन सिंग. 'खान' आणि 'सिंग' एकत्र, भूमिका करणारा नट मेक्सिकोचा. असो. त्याची भरपाई पुढे १९७९ च्या पहिल्या चित्रपटात झाली. त्यात मुंबईच्या पर्सिस खंबाटाने आपले लांबसडक केस उतरवून इलियाची भूमिका केली.

मालिका शास्त्रीय कथांच्या वाचकांना आवडली, पण प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत ती मागेच राहिली. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा, म्हणजे १९६७ च्या अखेरीस, ती बंद होणार अशी कुणकुण लागली. इथे बिजो आणि जॉन ट्रिंबल हे कॅलिफोर्नियातलं जोडपं आपल्या गोष्टीत येतं. त्यांचा टीव्हीच्या धंद्याशी काही संबंध नव्हता. शास्त्रीय कथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातली ही मंडळी. त्यांनी ठरवलं की पत्रं लिहायची.

आज एका बोटाच्या टिचकीने 'निषेध' नोंदवता येतो, त्यामुळे या गोष्टीचं मोल पटकन कळत नाही. ट्रिंबल दांपत्याने चाहत्यांच्या पत्त्यांच्या याद्या मिळवल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या सूचना पोस्टाने धाडल्या. सूचना फार हुशारीच्या होत्या. सामूहिक अर्जावर शंभर सह्या करून पाठवू नका, वाहिनी तो एकच कागद म्हणून मोजते. प्रत्येकाने आपलं स्वतंत्र, सभ्य भाषेतलं पत्र लिहा. आणि आणखी दहा जणांना लिहायला लावा, त्यांनी पुढे दहांना. गणित सोपं आहे. एका माणसापासून पाच टप्प्यांत लाख होतात, अर्थात कागदावर. पण इथे ते बऱ्याच अंशी प्रत्यक्षात उतरलं. डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात एनबीसीकडे एक लाखाच्या वर पत्रं आली. जानेवारीत कॅलटेकचे विद्यार्थी बरबँकच्या एनबीसी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. उद्या आयआयटीची पोरं एखाद्या मालिकेसाठी वाहिनीच्या दारात जाऊन उभी राहिली तर आपण काय म्हणू, याचा विचार करून पाहा. (या सगळ्याला आतून रॉडनबेरीची फूस आणि थोडी पैशाची मदतही होती हे नंतर बाहेर आलं. त्याने माझ्या लेखी फारसा फरक पडत नाही. फूस लावून एखाददुसरा मोर्चा निघेल, पण लाख माणसं स्वतःच्या पैशाने पाकिटावर तिकीट चिकटवत नाहीत.)

१ मार्च १९६८ च्या भागानंतर वाहिनीने जाहीर केलं की मालिका पुढे चालू राहील. ही अशी घोषणा प्रेक्षकांना उद्देशून करावी लागणं हेच नवल होतं. चाहते जिंकले.

आणि जिंकून काय मिळवलं? तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली गेली. तिचा प्रेक्षक म्हणजे कॉलेजची मुलं, आणि अमेरिकेत शुक्रवारी रात्री दहाला घरी बसणारं कॉलेजचं पोर शोधून सापडायचं नाही. बजेट कापलं गेलं. रॉडनबेरी चिडून रोजच्या कामातून बाजूला झाला. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि बाकीचे तो शोधत फिरतात. हा सगळ्यात टाकाऊ भागांपैकी एक आहे यावर कट्टर चाहत्यांचंही एकमत आहे. शेवटचा भाग ३ जून १९६९ ला लागला आणि दुकान बंद झालं. त्यानंतर सात आठवड्यांत नील आर्मस्ट्राँग खऱ्याखुऱ्या चंद्रावर उतरला.

वरवर पाहता एवढा आटापिटा वाया गेला असं वाटेल. पण इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. अमेरिकेत जुन्या मालिका गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकतात आणि त्या वाहिन्या त्या रोज, सोमवार ते शुक्रवार, एकाच वेळी लावतात. त्यासाठी पुरेसे भाग हाताशी लागतात. नाहीतर दोन-अडीच महिन्यांत मालिका फिरून पहिल्या भागावर येते आणि लोक कंटाळतात. पहिल्या वर्षी २९ भाग झाले होते, दुसऱ्या वर्षी २६, म्हणजे एकूण ५५. तेवढ्यावर मालिका डब्यात गेली असती. तिसऱ्या वर्षाचे २४ भाग मिळून ७९ झाले आणि माल विकण्याजोगा झाला. त्या टाकाऊ वर्षाने मालिका वाचवली! माझ्या मते या सबंध इतिहासातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. पत्रं लिहिणाऱ्यांना हवं होतं एक, मिळालं भलतंच, आणि उपयोगी पडलं ते भलतंच.

सत्तरच्या दशकात संध्याकाळी शाळेतून येणाऱ्या, कामावरून परतणाऱ्या लोकांनी ते ७९ भाग पुन्हा पुन्हा पाहिले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांनी मेळावा भरवला. काहीशे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता, आले तीन हजारांच्या वर. रॉडनबेरी आले, आयझॅक असिमॉव्ह आले, आणि नासाने आपलं प्रदर्शन पाठवलं. अडीच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मालिकेसाठी! आपल्याकडे बालगंधर्वांची नाटकं पुन्हा पुन्हा पाहणारे दर्दी होते, त्यांना ही ओढ चटकन समजली असती.

हे चाहते कोण होते? चष्मा लावलेला, मुली ज्याच्याशी बोलत नाहीत असा मुलगा, हे जे चित्र पुढे रूढ झालं ते निदान सुरुवातीच्या काळापुरतं तरी चुकीचं आहे. या चळवळीचा कणा बायका होत्या. १९६७ मध्येच 'स्पॉकनेलिया' नावाचं हौशी मासिक निघालं, ते काढणाऱ्या दोघी बायकाच. पुढे अशी शेकडो मासिकं निघाली. गृहिणी, शिक्षिका, ग्रंथपाल अशा बायका रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर टंकलेखन करून कर्क आणि स्पॉकच्या नव्या गोष्टी लिहीत. आपल्या वेड्यांना हसायलाही त्यांना येत होतं. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका छोट्या विडंबनात 'मेरी सू' नावाची सर्वगुणसंपन्न पोरगी यानावर आणली, जिच्यावर सगळेच लट्टू होतात. लेखिकेने स्वतःच्याच स्वप्नाला कथेत घुसवलं की त्याला आजही इंग्रजीत 'मेरी सू' म्हणतात.

पुरुषांचं वेड वेगळ्या जातीचं. फ्रांझ जोसेफ हे सॅन दिएगोच्या जनरल डायनॅमिक्स कंपनीत विमानं रेखाटण्यात हयात घालवलेले गृहस्थ. मुलगी स्टार ट्रेकची भक्त. तिच्यापायी त्यांनी एंटरप्राइझचे मजल्यामजल्याचे नकाशे काढायला घेतले, अगदी बोलिंगचा खेळ खेळायच्या दालनासकट. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. जे यान प्लायवूडच्या चार भिंतींपलीकडे कुठेच नव्हतं, त्याच्या ड्रॉइंगची बाजारात मागणी!

इथवर हे सगळं खेळण्यातलं वाटेल. पुढच्या वर्षी मात्र खेळ आणि खरं यांची सरमिसळ झाली. नासाचं पहिलं शटल तयार होत होतं. त्याचं नाव ठरलं होतं 'कॉन्स्टिट्यूशन', कारण अनावरण १७ सप्टेंबरला, म्हणजे अमेरिकन राज्यघटनेच्या दिवशी होतं आणि १९७६ हे स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. चाहत्यांनी पुन्हा दौती-लेखण्या काढल्या. या वेळी पत्ता होता राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा. पत्रांचा असा काही पूर आला की सल्लागारांनी अध्यक्षांना टिपण लिहून नाव बदलण्याची शिफारस केली आणि फोर्ड यांनी 'एंटरप्राइझ' हे नाव मंजूर केलं. कॅलिफोर्नियातल्या पामडेलला शटल बाहेर ओढून आणलं गेलं तेव्हा समोर रॉडनबेरी आणि मालिकेतले बहुतेक नट उभे होते (कर्कसाहेब सोडून), आणि बँडने मालिकेचं शीर्षकसंगीत वाजवलं.

हट्ट पुरा झाला, पण एक चूक झाली, अर्थात तेव्हा ती कुणाला दिसणं शक्य नव्हतं. हे पहिलं शटल फक्त वातावरणातल्या चाचण्यांसाठी होतं. १९७७ मध्ये बोइंग ७४७ च्या पाठीवरून सोडून ते पाच वेळा धावपट्टीवर उतरवलं गेलं. नंतर त्यात बदल करून ते अवकाशात पाठवायचा बेत होता. पण तोवर आराखडा इतका बदलला की ते सोडवून पुन्हा बांधण्यापेक्षा चाचणीसाठी बनवलेला दुसरा एक सांगाडा यानात रूपांतरित करणं स्वस्त पडलं. म्हणजे लाखभर लोकांनी आवडतं नाव हट्टाने दिलं ते नेमकं कधीही अवकाशात न जाणाऱ्या यानाला. आता ते न्यूयॉर्कला इंट्रेपिड या जुन्या विमानवाहू जहाजावरच्या संग्रहालयात आहे. आणि जो सांगाडा त्याच्याऐवजी यान झाला, त्याचं नाव चॅलेंजर.

हे नाव वाचून तुमच्या मनात जे आलं असेल त्याकडे येतोच, पण आधी निशेल निकोल्सबद्दल. उहुराची भूमिका करणाऱ्या निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडून ब्रॉडवेला जाणार होत्या. त्यांनी अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की एका समारंभात त्यांना एक चाहता भेटायला आला, तो निघाला मार्टिन ल्यूथर किंग. किंग यांनी त्यांना सोडू नका म्हणून बजावलं. नोकराणी किंवा गाणारी म्हणून नाही, तर बरोबरीची अधिकारी म्हणून कृष्णवर्णीय स्त्री दर आठवड्याला घराघरांत दिसते, हे त्यांना फार मोलाचं वाटत होतं. निकोल्स राहिल्या. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, नासाने त्यांच्याशी करार केला, कारण शटलसाठी अंतराळवीर हवे होते आणि स्त्रिया आणि कृष्णवर्णीय अर्जच करत नव्हते. नासा आपल्याला घेणार नाही हे ते गृहीतच धरून होते. निकोल्स देशभर हिंडल्या, विद्यापीठांतून बोलल्या. १९७८ मध्ये ३५ जणांची तुकडी निवडली गेली. त्यात सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय होते. सॅली राइड आणि गायन ब्लूफर्ड त्यातलेच. हे एकट्या निकोल्समुळे झालं असं कोणी म्हणणार नाही, नासाचं धोरणच बदललं होतं. पण धोरण बदललंय हे सांगायला ओळखीचा आणि विश्वासाचा चेहरा लागतो, आणि नासाकडे तो नव्हता. तो टीव्हीतून उसना घ्यावा लागला.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. त्यातल्या सात जणांपैकी चौघे, म्हणजे डिक स्कोबी, ज्युडिथ रेझनिक, रोनाल्ड मॅकनेर आणि एलिसन ओनिझुका, त्या १९७८ च्या तुकडीतले होते. निकोल्स त्यानंतरही नासासाठी बोलत राहिल्या. लहानपणी उहुराला पाहून वाढलेल्या मे जेमिसन १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्या उड्डाणात आपल्या पाळीची सुरुवात त्या उहुराच्या ठरलेल्या वाक्याने करत. निकोल्स २०२२ मध्ये गेल्या.

मालिकेने मोबाइल फोन दिला वगैरे कथा तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्यावर फार विसंबू नका. पहिला हातातला फोन बनवणारे मार्टिन कूपर यांनीच पुढे सांगितलं की त्यांच्या डोक्यात डिक ट्रेसीच्या चित्रकथेतला मनगटी रेडिओ होता. मालिकेने यंत्रं दिली नाहीत, यंत्रं बनवायची इच्छा असलेली माणसं दिली. आणि हो, एक भाषाही दिली! मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी 'क्लिंगॉन' लोकांची भाषा व्याकरणासकट घडवली. त्यात इंग्रजांना न जमणारे दोन उच्चार मुद्दाम आहेत, एक आपला 'ड' आणि दुसरा 'षटकोनातला ष'. अमेरिकन चाहते जीभ टाळूला लावून घाम गाळत असतात. आपल्याकडे तो ष शाळेत बाई शिकवायच्या आणि आपण तो बोलताना श करून टाकला.

एंटरप्राइझची जी सुमारे ११ फुटांची प्रतिकृती चित्रीकरणात वापरली, ती पॅरामाउंटने १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला दिली. मी वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती भेटवस्तूंच्या दुकानाच्या खालच्या मजल्यावर, टी-शर्ट आणि किचेनच्या गर्दीत होती. मला ती जागा योग्यच वाटली होती, कारण वरच्या मजल्यावर राइट बंधूंचं खरं विमान आहे. पुढे संग्रहालयाने ती नीट करायला घेतली तेव्हा प्रश्न आला की मूळ रंग नेमका कोणता? मधल्या काळात अनेकदा डागडुजी होऊन रंग बदलले होते. संग्रहालयाने चाहत्यांनाच आवाहन केलं की १९७६ पूर्वी तुम्ही काढलेले फोटो असतील तर द्या. लोकांनी जुन्या पेट्या उचकल्या. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात ती प्रतिकृती मांडली होती तेव्हाचे फोटोसुद्धा कामी आले. २०१६ मध्ये ती मुख्य दालनात ठेवली गेली, लिंडबर्गच्या विमानासोबत, खऱ्या चांद्रयानासोबत. काही लोकांनी नाकं मुरडली. मीही कदाचित मुरडलं असतं, पण त्या दालनात उभं राहून लोकांचे चेहरे पाहिल्यावर तो विषय मी सोडून दिला.

आता शेवटी स्कॉटी. यानाचा मुख्य इंजिनियर, म्हणजे आमच्या जातीचा माणूस. 'इंजिनं सहन करणार नाहीत, साहेब' म्हणणारा आणि मग ती सहन करतील असं काहीतरी करून दाखवणारा. ही भूमिका करणारे जेम्स डूहान कॅनडाचे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी गोळ्या लागून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं. मालिकेत तो हात ते बेमालूम लपवत. मालिका संपल्यावर 'तुम्ही स्कॉटी ना' म्हणून त्यांना दुसरं काम मिळेना. मिलवॉकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मात्र त्यांना मानद पदवी दिली, कारण तिथल्या जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं की आम्हाला स्कॉटीमुळे इंजिनियर व्हावंसं वाटलं.

एका माहितीपटात डूहान यांनी सांगितलेली गोष्ट आहे. एका मुलीचं पत्र आलं, आत्महत्या करणार म्हणून. त्यांनी तिला फोन केला आणि म्हणाले, अमुक दिवशी माझा मेळावा आहे, तिथे मला भेट. ती आली. मग पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण, मग त्याच्या पुढचं, असं बराच काळ चाललं. नंतर तिचा पत्ताच लागेना. आठ वर्षांनी पत्र आलं. तिने इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीत मास्टर्स पूर्ण केलं होतं. सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून येतात.

२००४ मध्ये डूहान यांना अल्झायमर झाल्यावर चाहत्यांनी निरोपाचा मेळावा केला. तिथे एरवी समारंभांना क्वचितच जाणारे नील आर्मस्ट्राँग आले, आणि पुढच्या यानाचं नेतृत्व मिळालं तर मुख्य इंजिनियर स्कॉटीच हवा, असं म्हणाले. डूहान २० जुलै २००५ ला गेले, चंद्रावर पाऊल पडल्याच्या तारखेला. त्यांच्या थोड्या अस्थी २००८ मध्ये एका खाजगी रॉकेटने पाठवल्या, ते कक्षेत पोचलंच नाही. २०१२ मध्ये दुसऱ्याने पोचल्या. पण त्याआधीच, २००८ मध्येच, रिचर्ड गॅरियट नावाच्या स्वखर्चाने गेलेल्या प्रवाशाने कुटुंबाच्या सांगण्यावरून थोडी राख परवानगीशिवाय आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नेली. डूहान यांच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेल्या फोटोसोबत ती त्याने कोलंबस विभागाच्या फरशीखाली सरकवून ठेवली. बारा वर्षं कुणाला न सांगता २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याने हे जाहीर केलं. फरशीखाली म्हणजे अर्थात वायरी आणि नळ्यांच्या शेजारीच.